ज्योतीकडचे रविवार

७ नोव्हेंबर, गुरुवार

भगिनी मंडळाची सभा, चर्चच्या मागच्या खोलीत. नऊ जणी. लीलाताईंनी प्रार्थना संपवली आणि आमेनच्या पाठोपाठच जाहीर केलं, "माझे गुडघे गेले. आता अध्यक्षपण सुमननं बघायचं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नको म्हणेपर्यंत चहा आला.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. म्हणाले, "शाळेत एवढी पोरं सांभाळलीस, नऊ बायका काय जड आहेत?" पोरांचं वेगळं. चारचौघींत मोठ्यानं प्रार्थना म्हणायची म्हटलं की माझा घसा बसतो. देवाशी बोलतेय की बायकांशी, तेच कळत नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

नांदेडच्या सरकारी दवाखान्याची पाळी. खिचडीचं पातेलं, पत्रावळी. मी, लीलाताई, रिबेका. रिबेका खासगी दवाखान्यात नर्स आहे, शुक्रवारची सुटी मुद्दाम ह्यासाठी घेते. हाडांच्या वॉर्डात पेशंटजवळच्या माणसांना वाढायचं, कुणाला हवं असेल तर जवळ बसायचं. एवढंच आमचं काम.

शेवटच्या खाटेवर नवीन पेशंट. ज्योती. पंचवीस-सव्वीसची असेल. अर्धापूरच्या बाजूचं गाव, घरची केळीची शेती. घडांनी भरलेल्या ट्रॉलीवर बसून येत होती, बांधावर ट्रॉली कलंडली. मणक्याचं ऑपरेशन झालंय. कमरेखाली काही कळत नाही. सासू गयाबाई खाली सतरंजीवर बसलेल्या. खिचडी खाता खाता मला म्हणाल्या, "पाय हायेत ना जागंवर, डोळ्याला दिसून राहिले. मग हलंनात कामून?"

लीलाताईंनी सवयीनं ज्योतीच्या कपाळावर हात ठेवला आणि प्रार्थना सुरू केली. मोठ्यानं. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही आवाज खणखणीत. ज्योतीनं तोंड भिंतीकडं फिरवलं. तेवढ्यात तिचे चुलत सासरे आले, त्यांना सगळे आबा म्हणतात. "ओ बाई, बंद करा हे! लेकरू असं पडलंय आन् तुमी बाटवायला बसल्या?"

सगळा वॉर्ड आमच्याकडं बघायला लागला. लीलाताईंनी हात मागं घेतला. मी पातेलं उचलून बाहेर आले.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सभेत दुसरा विषयच नाही.

लीलाताई : "मी कुणाला बाटवायला गेले नव्हते. माया आली की माझ्या तोंडून प्रार्थना येते. त्यात माझं काय चुकलं?"

रिबेका : "ताई, मी इंजेक्शन देतानासुद्धा आधी सांगते, टोचणार आहे म्हणून."

"प्रार्थना म्हणजे सुई आहे का?"

कुणीतरी हसलं. लीलाताई हसल्या नाहीत. शेवटी सगळ्या माझ्याकडं बघत बसल्या. मी म्हटलं, पुढच्या वेळी बघू. अध्यक्ष!

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

ज्योतीची खाट रिकामी. मागच्याच आठवड्यात घरी नेलं. रिबेकानं तेव्हा गयाबाईंना कूस कशी बदलायची ते दाखवलं होतं, आपला नंबरही दिला होता.

संध्याकाळी रिबेकाला फोन आला. ज्योतीचा नवरा, बालाजी. अडखळत बोलत होता म्हणे. पाठीला खाली जखम झालीय, वास येतोय, ती कुणाला हात लावू देत नाही. "या तुमी. पण ते प्रार्थनेचं नको. आबा वरडतेत."

२४ नोव्हेंबर, रविवार

चर्चची उपासना आटोपून निघालो. मी आणि रिबेका. हे आमची व्हॅन चालवायला. लीलाताईंना विचारलं होतं. "जिथं तोंड बंद ठेवायचं तिथं मी जाऊन काय करू," म्हणाल्या.

अर्धापूर सोडलं की दोन्हीकडं केळीच केळी. गाव कालव्याच्या पलीकडं. घर चांगलं, स्लॅबचं, दारापुढं मोठं अंगण. पण अंगणापासून दारापर्यंत तीन उंच पायऱ्या. ज्योती आतल्या खोलीत, खिडकी बंद.

जखम बघितली. लिहवत नाही. मूठ मावेल एवढी. मला बाहेर येऊन भिंतीला धरून उभं राहावं लागलं. रिबेकाचा हात मात्र हलला नाही. धुतलं, मेलेलं कातडं काढलं, पट्टी केली, आणि सगळा वेळ साध्या आवाजात सांगत होती : आता पाणी लागेल, आता थोडं ओढल्यासारखं होईल. ज्योती भिंतीकडं तोंड करून पडून होती.

गयाबाई : "मी सांगते तिला कूस बदल म्हणून. ती म्हणती, ऱ्हाऊ द्या."

चहा दिला. साखर लई. हे बाहेर व्हॅनमध्ये बसलेले, त्यांनाही नेऊन दिला. येताना बालाजी वेशीपर्यंत मोटारसायकलवर मागं मागं आला आणि तिथून वळला.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सभेत मांडलं. दर रविवारी जायचं, पाळीपाळीनं दोघी-तिघींनी. दोघींनी सरळ विचारलं, प्रार्थना करायची नसेल तर हे मंडळाचं काम कसं? जे सुचलं ते बोलले : कालव्याच्या पुलावर गाडी थांबवू, तिथं करू, मग गावात जाऊ.

घरी हे म्हणाले, "मी डोळे उघडे ठेवीन हं. पुलावर ट्रक असतात."

१ डिसेंबर, रविवार

पुलावर थांबलो. खाली पाणी, वर बगळे. मला करायला सांगितलं. चार वाक्यं जमली.

जखम तशीच. गयाबाईंनी आज आतलं सांगितलं. ज्योतीची मुलगी, चिऊ, तीन वर्षांची, तिला किल्लारीला आजोळी ठेवलंय. आणि घरात बोलणं सुरू आहे की ज्योतीलाही तिकडंच पाठवावं. "आबा म्हणतेत, बालाजी जवान हाय, जल्मभर काय करंल. दुसरी करू म्हणतेत."

"आणि बालाजी काय म्हणतो?"

"त्यो काय म्हणंल. त्यो खाली मान घालून केळीत जातो."

"ज्योतीला माहीत आहे?"

"भिंतीला कान ऱ्हातेत मॅडम. आन् ती तर भिंतीकडंच तोंड करून पडलेली."

८ डिसेंबर, रविवार

ताप. एकशे तीन. जखमेत पू. रिबेकानं बघता क्षणी सांगितलं, आत्ताच्या आत्ता हलवायचं. व्हॅनची मागची सीट काढून गादी टाकली. बालाजी, हे आणि शेजारचे दोघं, चौघांनी धरून पायऱ्या उतरवली. ज्योती आमच्यासमोर पहिल्यांदा बोलली. "मरू द्या ना. कामून तरास घेऊन राहिले."

गयाबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

पूल आला. कुणी थांबायचं नाव काढलं नाही. मी मागं तिच्या डोक्याशी बसले होते, नांदेड येईपर्यंत मनात एकच ओळ फिरत राहिली. ती कुठली, आठवतही नाही आता.

१० डिसेंबर, मंगळवार

ताप उतरलेला नाही. सलाईन चालू. गयाबाईंना बळंच आमच्या घरी आंघोळीला पाठवलं.

दुपारी लीलाताई आल्या. एकट्या, रिक्षानं, ते गुडघे घेऊन. मी दचकले. म्हटलं आता काय होतंय. त्या खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या, पिशवीतून फणी आणि तेलाची बाटली काढली. ज्योतीच्या केसांचा गुंता झाला होता नुसता. कितीतरी दिवस कुणी फणी लावली नव्हती. लीलाताई टोकाकडून एकेक गाठ सोडवत वर जायला लागल्या. पाऊण तास तरी झाला असेल. मग खाली वाकून म्हणाल्या, "मागं तुला न विचारता केलं मी. आज विचारते. प्रार्थना करू का तुझ्यासाठी?"

ज्योती म्हणाली, "नको."

लीलाताई म्हणाल्या, "बरं." आणि फणी पुढं चालू. वेणी घातली, टोकाला स्वतःची रबरबँड लावली. मग हात पुसून म्हणाल्या, "उद्या येऊ का?"

ज्योतीनं मान हलवली. हो अशी.

रिक्षात बसवताना मी लीलाताईंना काहीतरी म्हणणार होते. त्याच म्हणाल्या, "काही बोलू नकोस सुमन. मला अवघड गेलंय."

१५ डिसेंबर, रविवार

ताप नाही. देवाचे उपकार. डॉक्टर म्हणाले जखम कडेनं लाल दिसतेय, चांगलं लक्षण. पाण्याची गादी मिळाली, मंडळातल्या एकीच्या वारलेल्या सासूबाईंची. ती घेऊन ज्योतीला गावी सोडून आलो. लीलाताई सोबत. पायऱ्या चढताना त्यांना आणि ज्योतीला दोघींनाही उचलायची वेळ!

गयाबाईंची आणि लीलाताईंची आजच जुंपली. कूस बदलताना आधी खांदा की आधी कंबर, ह्यावरून. मग कळलं गुडघे दोघींचेही दुखतात. मग गुडघ्यांची चर्चा. मग सुनांची.

२२ डिसेंबर, रविवार

जखमेत नवीन मांस येतंय. रिबेका एकदम आनंदात, मला बोलावून दाखवत होती, "बघा ना ताई, कसं गुलाबी!" मी ह्या वेळी बघितलं. भिंत धरावी लागली नाही.

खिडकी उघडी होती.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळ. सकाळी उपासनेच्या आधीच बालाजी चर्चच्या फाटकाशी, मोटारसायकलला दोन्हीकडून केळीचे घड बांधलेले. "आईनं दिलंय. तुमचा सण हाय म्हणून." आत या म्हटलं, आला नाही. एकमेकांना सलाम करत येणाऱ्या-जाणाऱ्यांकडं बघत थोडा वेळ उभा राहिला, गेला.

उपासनेनंतर सगळी मंडळी केकच्या आधी केळी खात होती.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी बाजूला घेऊन विचारलं, "सुमनताई, काहीजणी म्हणतात मंडळ आता नुसतं नर्सिंग करतंय. प्रार्थना कमी झाली." रागावून नाही, साधंच विचारलं. मी म्हटलं, "साहेब, आधी गुरुवारी एक तास व्हायची. आता रविवारी जाता-येता तर होतेच, आणि भांडी घासताना ती मुलगी आठवली की तेव्हाही होते. कमी कशी म्हणू?" माझ्याच तोंडून एवढं लांब उत्तर आलं ह्याचं मलाच नवल. ते हसले, आणखी एक केळ उचललं.

५ जानेवारी, रविवार

आजचं सगळं नीट लिहून ठेवायचंय.

आम्ही पोहोचलो तर अंगणात खुर्च्या. ज्योतीचे वडील किल्लारीहून आलेले, सोबत एक नातेवाईक. आबा मधोमध. बालाजी खांबाला टेकून. आम्ही माघारी निघालो तर गयाबाई म्हणाल्या, "कुठं चालल्या? बसा. पट्टी करायची हाय ना?" मग आत पट्टी चालू आणि बाहेरचं सगळं ऐकू येतंय.

आबांचा आवाज मऊ होता. कुणाचं वाईट करायचं म्हणून बोलत नव्हते ते, हेही खरं. लेकीला माहेरी नीट बघतील, आम्ही धान्य पाठवू, पोरगी आधीच तिकडं आहे, मायलेकी एकत्र राहतील. बालाजीचंही बघायला लागेल. ज्योतीचे वडील "हाव, हाव" म्हणत होते. बिचारे. थकलेला आवाज. लेक परत आली तर तिला कोण उचलणार, हे त्यांच्याही मनात असणार.

गयाबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. "ती काय खाट हाय का, ह्या घरातून उचलून त्या घरात टाकायला? माझी सून हाय ती."

आबा : "वैनी, उद्या तुमी गेल्यावर कोण बघणार तिला?"

तिथं गयाबाई अडकल्या.

आणि मग आतून ज्योती. पालथी होती, रिबेका पट्टी चिकटवत होती, उशीत तोंड, तरी बाहेर ऐकू जाईल असा आवाज. "मला कुणी इचारून राहिलं का?"

बाहेर खुर्च्या सरकल्या.

"ट्रॉलीतून पडल्यापासून समदे माझं ठरवून राहिले. दवाखान्यात न्यायचं, आणायचं, लेकरू पाठवायचं. ह्या म्हाताऱ्या बाईनं तेवढं इचारलं. मी नको म्हणलं तर तिनं ऐकलं बी."

लीलाताई खाटेच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

आबांनी विचारलं, आता आवाज बदललेला, "बरं मग, तुला काय पायजे?"

तिनं उशीतून तोंड वर काढलं. मग म्हणाली, "मला बसायचंय. आधी बसायला शिकायचंय. मंग सांगते."

बालाजी खांब सोडून आत आला. आम्ही सगळ्या असताना. खाटेशी उकिडवा बसला आणि रडायला लागला. ती म्हणाली, "रडू नका. चिऊला आणा."

वडील रिकामेच परत गेले. जाताना गयाबाईंना वाकून नमस्कार केला त्यांनी.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गयाबाईंचा फोन, तिळगूळ घ्यायला या. रिबेकाची ड्यूटी. मी आणि लीलाताई गेलो. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला आलेल्या, आम्हाला बघून थोड्या बिचकल्या. आम्ही तिळगूळ घेतला, कुंकू नको म्हटलं. गयाबाईंनीच सांगून टाकलं, "त्यांच्यात लावत न्हाईत. तिळगूळ चालतो." विषय संपला. ज्योती पाठीमागं उशा लावून अर्धी बसलेली, नवी साडी. चिऊ आली आहे! आईजवळ जात नाही अजून. आजीच्या मागं लपून बघते.

२३ जानेवारी, गुरुवार

रिबेकानं लातूरचं एक केंद्र शोधलंय. मणक्याच्या पेशंटला तिथं ठेवून घेतात, बसायचं, उतरायचं, व्हीलचेअर चालवायची, सगळं शिकवतात. जखम भरत आलीय, आता घेतील. अट एक : सोबत सांभाळणारी बाई पाहिजे, पूर्ण मुक्काम. गयाबाई एकट्या कशा राहतील, इकडं चिऊ, जनावरं.

सभेत मी विचारलं, गयाबाईंच्या बदली लातूरला राहायला कोण कोण आठवडा देईल? पाच हात वर. ज्या दोघी प्रार्थनेवरून बोलल्या होत्या, त्यातल्या एकीचाही.

३ फेब्रुवारी, सोमवार, लातूर

माझा आठवडा. गयाबाई आज जाणार होत्या, गेल्या नाहीत. "एक दिस बगते अन् जाते."

ज्योतीला गादीवर बसवतात, आधार काढतात, ती पडते. परत बसवतात. डावीकडं पडते जास्त. शिकवणारी मुलगी कडक आहे. "पडा. पडायलाच शिका आधी." गयाबाई कोपऱ्यात बसून प्रत्येक वेळी "ओ माय!" करतात, शेवटी त्यांना बाहेर काढलं.

५ फेब्रुवारी, बुधवार, लातूर

बसली. स्वतःच्या हातांवर, कुणी न धरता. शिकवणारीनं घड्याळ लावलं होतं, मी बघितलं नाही, मी ज्योतीचे दंड बघत होते, थरथरणारे. मग पडली आणि हसायला लागली. तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. घोगरं आहे.

गयाबाई अजून इथंच!

६ फेब्रुवारी, गुरुवार, लातूर

दुपारी तिघी खोलीत. मी डोळे मिटून बसले होते, आज नांदेडला सभेची वेळ, म्हणून आपली मनात प्रार्थना. डोळे उघडले तर ज्योती माझ्याकडंच बघत होती.

"मॅडम, काय म्हणता तुमी मनात?"

खोटं कशाला बोलू. म्हटलं, "तुझ्या पायांचं सांगते. त्यात जोर येऊ दे म्हणून."

तिनं थोडा विचार केला. "पायाचं ऱ्हाऊ द्या. येईल तर येईल. सकाळी डोळा उघडला की उठावं वाटत न्हाई मला. इथं बी. आज बसले, तरी उद्या सकाळी न्हाई वाटणार. ते मागा. सकाळी उठावं वाटावं, तेवढं."

"आत्ता? मोठ्यानं?"

"मंग कळंल कसं मला, तेच मागितलं का दुसरंच?"

केलं. मोठ्यानं. घसा बसला नाही, बसायला वेळच मिळाला नाही. ज्योतीला सकाळी उठावंसं वाटू दे. एवढंच म्हटलं, आणि आमेन.

गयाबाईंनी पांघरुणाच्या घड्या घालता घालता विचारलं, "झालं तुमचं?" मग हात जोडून त्यांच्या खंडोबाला तेच सांगितलं, त्यांच्या भाषेत, जरा दमात घेऊन. "तुला बी ऐकू आलं असंल आता. लक्ष दे."

तिघीही हसलो. नंतर मी बाथरूममध्ये जाऊन रडले, का ते माहीत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

नांदेड. गयाबाईंना मागच्या आठवड्यात कसंबसं घरी पाठवलं, आता लीलाताई लातूरला आहेत. फोनवर कळलं : ज्योती सकाळी त्यांच्या आधी उठून बसते. काल नव्हती उठली. आज उठली. असंच चाललंय, एक दिवस हो, एक दिवस नाही.

चिऊला घेऊन बालाजी गेला होता. पोर व्हीलचेअरला घाबरली, भोकाड. मग लीलाताई स्वतः बसल्या चेअरमध्ये आणि ज्योतीनं पोरीला सांगितलं, ढकल आजीला. चिऊ ढकलत राहिली, सोडायला तयार नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

रिबेका लातूरला जाऊन आली. उजव्या मांडीत किंचित हालचाल आहे म्हणे. पायांना कॅलिपरचा लोखंडी आधार लावून दोन बारच्या मधे उभं केलं. चालेल का, विचारलं तर तिथले डॉक्टर म्हणाले, आत्ता नाही सांगता येणार, वर्ष जाऊ दे. रिबेका म्हणते, खोटी आशा देत नाहीत ते बरं. मला थोडी दिली असती तरी चाललं असतं.

बालाजीबद्दल विचारलं. येतो, बसतो, बोलत नाही फारसं. आबांनी दुसरीचा विषय पुन्हा काढला नाही. संपला, असंही कुणी म्हणत नाही.

२ मार्च, रविवार

पुढच्या रविवारी ज्योतीला लातूरहून सुटी देणार. मी बालाजीला फोन केला. तीन पायऱ्या आहेत, उतार करून घ्या, लाकडी फळीचा तरी. "हाव मॅडम." बस. एवढंच.

६ मार्च, गुरुवार

गयाबाईंना विचारलं, उतार झाला का. "बोलला न्हाई काई. केळीत हाय दिसभर."

मंडळात आज कुणीतरी म्हणालं, आपण वर्गणी काढून करून देऊ. लीलाताई : "नाही. तो त्यानं करायचाय." मी अध्यक्ष म्हणून काहीच ठरवलं नाही. ह्या वेळी मुद्दाम.

९ मार्च, रविवार

लातूरहून सकाळीच निघालो. ज्योती पुढच्या सीटवर ह्यांच्याजवळ. मी, लीलाताई आणि सुनेला न्यायला आलेल्या गयाबाई मागं. चेअर आणि कॅलिपर आमच्या पायांत. अर्धापूरला ज्योती म्हणाली थांबा, गाडीतूनच हातगाडीवाल्याकडून वांगी घेतली, घासाघीस करून. गयाबाई म्हणाल्या, "आपल्या घरी वांगी हायेत की." ती म्हणाली, "असू द्या. मला घ्यायची हायेत."

गाव आलं. अंगणात गेलो आणि सगळे थांबलो.

बालाजी मातीनं भरलेला, हातात थापी. पायऱ्या दिसत नव्हत्या. दारापासून अंगणापर्यंत लांब उतार, कडेला दोन्हीकडून धरायला लोखंडी पाइप. आणि सगळं सिमेंट ओलं. आज पहाटे सुरू केलं म्हणे, आत्ताच संपवलं. खरं तर आठवडाभर मनात होतं, खडी-वाळू आणून गोठ्यामागं टाकली होती. कामून सांगितलं नाही, विचारलं तर म्हणाला, "जमंल का न्हाई, ठावं नव्हतं."

आता आत जायचं कसं? मागच्या दारालाही पायऱ्याच. आबा पुढं झाले. "दोघं-तिघं धरून बाजूनं उचलून नेऊ. काय जड हाय ती?"

ज्योतीनं चेअरचे ब्रेक लावले. "नको आबा. वाळू द्या. मी माझी जाईन."

"उद्यापर्यंत न्हाई वाळत ते."

"मंग उद्या."

कुणालाच काय करावं कळेना. तिलाच कळलं. "आत्याबाई, परातीत पीठ आणा इकडंच. वांगी बी आणा." मांडीवर फळी, फळीवर परात. गयाबाई आतबाहेर करत राहिल्या, मागच्या दारानं. चूल अंगणातच पेटवली. लीलाताईंनी वांगी चिरायला घेतली आणि गयाबाई म्हणाल्या, एवढे मोठे तुकडे करतेत का कुणी. पुन्हा जुंपली. गल्लीतल्या बायका येऊन बसायला लागल्या. आबा गेले नाहीत. खुर्ची ओढून बसले, ह्यांच्याशी उसाबद्दल बोलत. चिऊला ओल्या सिमेंटवर जाऊ द्यायचं नाही म्हणून बालाजीनं तिला खांद्यावर धरलं होतं.

जेवलो. जेवायच्या आधी गयाबाई मला म्हणाल्या, "तुमचं ते करायचं असंल तर करा, आता पुलावर कामून जाता." त्यांना ठाऊक होतं! ह्यांनी सांगितलं असणार. मी ज्योतीकडं बघितलं. ती म्हणाली, "करा. लांबवू नका, भाकरी थंड होती."

लांबवली नाही.

निघताना ऊन उतरत होतं. बालाजी आतून खाट घेऊन बाहेर आला, मागच्या दारानं वळसा घालून. मग गादी. मग दुसरी खाट. दोन्ही शेजारी शेजारी मांडल्या, कडुलिंबाखाली. आईला म्हणाला, "आज आमी इथंच ऱ्हातो. चिऊ तुझ्यापाशी."

ज्योती उताराकडं बघत होती. मग त्याला म्हणाली, "पाणी मारा त्याच्यावर. तडे जातील न्हाईतर."

तो बादली आणायला गेला.